पुण्यात नोकरीला नवीन आहात? मनाच्या तब्येतीसाठी कायद्यात काय आहे आणि ते कसं मिळवायचं

दर जून-जुलैला वाकड, हिंजवडी, खराडी, चाकण इकडे नवीन पोरापोरींची लाट येते, लातूर, परभणी, बुलढाणा, सोलापूर कुठून कुठून, पाठीवर सॅक, फाईलमध्ये ऑफर लेटर आणि पीजीच्या डिपॉझिटसाठी घरून आणलेले पैसे. मी पण २०१४ ला बार्शीहून अशीच आले. तेव्हा पीएफ, बाँड, नोटीस पिरियड हे सगळं कोणी ना कोणी समजावून सांगितलं, पण काम करता करता झोपच उडाली, जेवण जाईना, ऑफिसची कॅब दिसली की छातीत धडधडायला लागलं तर कुठे जायचं, रजा मिळते का, नोकरी जाते का, हे मला एकाही माणसाने सांगितलं नाही. मला ते कळायला पाच वर्षं लागली आणि मधलं एक वर्ष फार वाईट गेलं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरलं, कामाच्या ताणाने मुलगी गेली असं त्या माऊलीचं म्हणणं होतं. केंद्रीय कामगार मंत्रालयाने चौकशी करू म्हटलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून मला ओळखीतले खूप जण विचारतात की यावर कायदा आहे का. आहे, पण "कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य" असा एक अख्खा कायदा आपल्याकडे नाही. तुकडे आहेत. एक तुकडा मानसिक आरोग्याच्या कायद्यात, एक कामाच्या तासांच्या कायद्यात, एक ईएसआयसीत म्हणजे कामगार राज्य विम्यात, एक दिव्यांग कायद्यात, एक लैंगिक छळाच्या कायद्यात, आणि ते आपल्यासाठी कोणी जोडून देत नाही, आपणच जोडायचे असतात. आणि जोडायला लागतो कागद, तारीख असलेला कागद. तो अंगात ताकद असताना तयार करायचा, कारण माणूस पूर्ण खचल्यावर दोन ओळींचा ईमेल लिहिणं पण डोंगर वाटतो.

जॉइन होतानाच करायची कामं

पहिलं म्हणजे तुमचा मालक नक्की कोण ते बघा. चाकण, रांजणगावला किंवा हिंजवडीतसुद्धा गेटवर नाव एका कंपनीचं असतं आणि पगार दुसराच ठेकेदार देतो. सगळ्या तक्रारी, रजा, ईएसआयसी, जो पगार देतो त्याच्या नावाने चालतात. केंद्राच्या चार श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा. नसेल दिलं तर पहिल्याच आठवड्यात मागा, तेव्हा मागायला कोणाला वावगं वाटत नाही. तुमचं वय ४० च्या वर असेल तर वर्षातून एकदा मोफत तपासणी पण मालकाने करून द्यायची आहे, आणि त्या तपासणीत डॉक्टर समोर बसलेले असतात तेव्हा झोपेचं, चिडचिडीचं त्यांना सांगा, नुसतं बीपी बघून उठू नका.

दुसरं, पगाराची स्लिप बघा. महिना पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी कापली जायला पाहिजे, तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. त्याच्या वर पगार असेल तर बहुतेक ठिकाणी ग्रुप मेडिक्लेम असतो. मेडिक्लेमचं नुसतं ई-कार्ड घेऊन गप्प बसू नका, एचआरकडून पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागून घ्या आणि स्वतःकडे ठेवा.

तिसरं, कंपनीच्या इंट्रानेटवर तीन कागद शोधा: रजेची पॉलिसी, लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीची नावं आणि समान संधी धोरण. हे शेवटचं कोणाला माहीतच नसतं, त्यावर पुढे येते.

तासांचा हिशोब

मनाची तब्येत बिघडण्यामागे कायम कोणी खलनायक असतोच असं नाही, बऱ्याचदा नुसते तास असतात. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ चा आहे, डिसेंबर २०१७ पासून लागू. आयटी, बीपीओ, बँका, दुकानं सगळं त्यात येतं. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी, जादा कामाला दुप्पट पगार. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ चे १० तास करायला आणि हा कायदा १० ऐवजी २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांना लावायला मंजुरी दिली. रोजचे तास असे हलत राहतात, कारखान्यांचंही तेच, म्हणून तुम्ही दोन गोष्टी पक्क्या धरा, आठवड्याचे ४८ आणि ओटी म्हणजे जादा कामाला दुप्पट. नव्या संहितेत कामगाराच्या संमतीशिवाय ओटी लावता येत नाही हे पण लक्षात असू द्या. मुलींना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित गाडी, दोन्ही पाहिजे.

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे तास "कामगारा"साठी आहेत, मॅनेजर किंवा सुपरवायझर म्हणून नेमलेल्या माणसाला ते तसे लागू होत नाहीत. बऱ्याच कंपन्या पदाच्या नावात मॅनेजर घालतात. पण कायदा पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्षात काम काय करता ते बघतो, तुमच्या हाताखाली कोणी नाही, तुम्ही दिवसभर ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं सोडवता किंवा टेस्टिंग करता, तर नुसत्या नावावरून कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही.

रजा पण याच कायद्यात आहे. वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा कंपनीच्या पॉलिसीवर असते, म्हणून तो कागद आधी शोधा म्हटलं.

आता वही. साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: आत किती वाजता, बाहेर किती वाजता, घरी आल्यावर कोणाचा किती वाजता फोन, आणि रात्री झोप किती लागली. बास, त्याच्यापेक्षा जास्त नको, नाहीतर लिहिणं सुटतं. माझ्या वहीत २०१९ च्या फेब्रुवारीचं एक पान आहे, त्यावर सलग अकरा दिवस "झोप ३ तास" असं लिहिलंय आणि बाराव्या दिवशी काहीच नाही, नुसती तारीख. डॉक्टरांनी ते एक पान बघून जे ओळखलं ते मला अर्धा तास बोलूनही सांगता आलं नसतं. वहीच लिहा, ऑफिसचे ईमेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, त्यात क्लायंटचा डेटा गेला की तेच कारण काढून तुम्हाला घरी बसवतात, मी दोन जणांचं असं झालेलं बघितलंय.

तुमचा त्रास कोणत्या प्रकारचा ते ठरवा

हे ठरवलं नाही तर माणूस चुकीच्या खिडकीत उभा राहतो. काम आणि तासच झेपत नसतील तर रस्ता कामगार विभागाचा. तुम्हाला आजार झालाय, डॉक्टर लागतोय, तर रस्ता मानसिक आरोग्याचा कायदा, ईएसआयसी किंवा मेडिक्लेमचा. कोणी अंगचटीला येतंय, घाणेरडं बोलतंय, तर रस्ता लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याचा. जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, ते थेट पोलिसात. आणि साहेब सगळ्यांसमोर ओरडतो, लाज काढतो, मुद्दाम वाळीत टाकतो, याला मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हे मला स्वतःला फार खुपतं. त्यासाठी कंपनीची आचारसंहिता आणि तक्रार निवारण समिती एवढंच हातात राहतं. बऱ्याच जणांचे दोन-तीन प्रकार एकत्र असतात, तेव्हा पहिल्यांदा डॉक्टर, मग बाकीचं.

डॉक्टर, आणि तो पण आधी

एचआरकडे जायच्या आधी डॉक्टरकडे जा. उलटं केलंत तर तुमचं म्हणणं नुसती कुरकुर ठरते, डॉक्टरचा कागद असला की तो आजार असतो आणि आजाराला रजा आहे, विमा आहे, कायदा आहे.

कोणाशीच बोलवत नसेल तर टेलि-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री तीनला शोधत बसायला नको. जीव द्यावासा वाटत असेल तर ते तसंच्या तसं त्यांना सांगा, आणि खोलीतल्या मित्राला उठवा, एकटं राहू नका. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था पण नुसतं मनापासून ऐकून घेण्याचं काम बरीच वर्षं करतेय. आणि पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

प्रत्यक्ष दाखवायला पुण्यात सरकारी तीन जागा लक्षात ठेवा. स्टेशनजवळचं ससून, तिथे मानसोपचार विभाग आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय, वाकड-हिंजवडी-पिंपरीवाल्यांना तेच जवळ पडतं. आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. येरवडा म्हटलं की लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, औषध घेऊन दुपारी माणूस घरी येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, औंध आणि येरवडा त्यात येतात. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथे केस पेपरचे थोडे पैसे लागतात. कुठेही जा, सकाळी लवकर जा, आधार घेऊन जा आणि केस पेपर हरवू नका, पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच जोडायचा असतो.

खाजगीत जाणार असाल तर दोन माणसांतला फरक ओळखा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, औषध तेच देतात आणि रजेचं सर्टिफिकेट पण त्यांचंच चालतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. सोशल मीडियावर कोणीही स्वतःला काउन्सेलर म्हणवतं. ताण घालवायला दारू सुरू झाली असेल, नाईट शिफ्टमध्ये हे पटकन होतं, तर येरवड्याजवळ मुक्तांगण आहे, १९८६ पासून.

डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचं? सर्टिफिकेटवर तारीख, किती दिवस विश्रांती, आणि जमलं तर कामात कोणता बदल पाहिजे, उदाहरणार्थ "रात्रपाळी टाळावी". ही शेवटची ओळ सोन्यासारखी आहे. आजाराचं नाव मात्र ऑफिसला कळायलाच पाहिजे असं नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, तर डॉक्टरांना सरळ सांगा की हा कागद ऑफिसला जाणारय, "वैद्यकीय कारणास्तव" एवढंच लिहा. एचआरने डॉक्टरला फोन केला तरी तुमच्या परवानगीशिवाय त्यांनी काही सांगायचं नाही.

पैसे आणि रजा

ईएसआयसीवाल्यांनी हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात मोठं संरक्षण तुमच्याकडेच आहे आणि सगळ्यात कमी तुम्हालाच माहितीय. आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन भरलेलं लागतं. आणि काही मोठ्या आजारांची ३४ ची एक यादी आहे, त्यातला आजार असेल तर ८० टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. त्या यादीत टीबी, कॅन्सरबरोबर स्किझोफ्रेनिया आहे, बायपोलर ज्याला आधी मॅनिक डिप्रेसिव्ह म्हणायचे ते आहे, आणि आतून येणारं तीव्र डिप्रेशन पण आहे. अट अशी की दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांचं काँट्रिब्युशन पाहिजे.

माझा धाकटा दीर चाकणला ठेकेदाराकडे ऑपरेटर आहे. एक दिवस रात्रपाळीवरून आला आणि चप्पल न काढता सोफ्यावर बसून राहिला, म्हणाला, वहिनी, मला मशीनचा आवाज घरीपण येतो, सकाळी उठावंसंच वाटत नाही. त्याला आम्ही आधी खाजगीत दाखवलं, दोन हजार गेले, आणि मग कळलं की ईएसआयसीची रक्कम मिळवायची तर सुरुवात आपल्या ठरलेल्या ईएसआय दवाखान्यातूनच करायची, तिथले डॉक्टर रजेचा दाखला देतात आणि पुढे बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलला किंवा जिथे मानसोपचार आहे तिथे पाठवतात. खाजगीची चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेलात तर परत फिरवतात. ठेकेदाराने काँट्रिब्युशन खरंच भरलंय का ते ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमचा विमा नंबर टाकून बघता येतं, हे दर सहा महिन्यांनी बघा, कारण पगारातून कापलं म्हणजे भरलं असं नसतं.

मेडिक्लेमवाल्यांसाठी, मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ पोटकलम ४ सांगतं की शरीराच्या आजाराला विमा ज्या पद्धतीने मिळतो त्याच पद्धतीने मानसिक आजाराला मिळायला पाहिजे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ऑगस्ट २०१८ मध्ये सगळ्या विमा कंपन्यांना तसं कळवलं, नंतर २०२२ मध्ये परत बजावलं. म्हणून "सायकियाट्रिक आजार कव्हर नाही" असं टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) फोनवर सांगितलं तर ऐकून फोन ठेवू नका, ते लेखी द्या म्हणा. एवढं मात्र खरं की बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, काउन्सेलिंगच्या बैठका ओपीडीत मोडतात, त्या मिळतात का हे पॉलिसीच्या मजकुरातच बघायला लागतं. क्लेम नाकारला आणि कंपनीच्या तक्रार विभागानेही ऐकलं नाही किंवा महिनाभर उत्तरच नाही दिलं, तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच नारायण पेठेत जीवन दर्शन बिल्डिंगमध्ये आहे, वकील लागत नाही, फी नाही.

ऑफिसला कळवताना

तोंडी सांगा हवं तर, पण त्याच दिवशी लिहून पाठवा. माझ्या तेव्हाच्या कंपनीत मी तीन वेळा मॅनेजरला तोंडी सांगितलं, तिन्ही वेळा "हो बघू" झालं, आणि चौथ्या महिन्यात माझ्याच हातात पीआयपीचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवा असा, कागद आला, त्यात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने कधीही अडचण मांडली नाही. तेव्हा माझ्याकडे एकही तारीख नव्हती. पीआयपीच्या आधीचा एक ईमेल असता तर सगळं बोलणंच वेगळं झालं असतं.

ईमेल इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, पण छोटा लिहा. साधारण असा:

"मागच्या सहा आठवड्यांत माझे कामाचे तास आठवड्याला सरासरी ६२ झाले आहेत. माझ्या तब्येतीवर परिणाम झाला असून डॉक्टरांचा सल्ला सोबत जोडला आहे. त्यानुसार १० दिवसांची वैद्यकीय रजा मिळावी आणि परत आल्यावर ८ आठवडे दिवसपाळी द्यावी ही विनंती. याचं लेखी उत्तर ५ दिवसांत मिळावं."

यात रडणं नाही, आरोप नाही, आकडा आहे, कागद आहे, मागणी आहे आणि मुदत आहे. मॅनेजर आणि एचआर दोघांना एकत्र पाठवा. पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलवर एक ओळीची आठवण.

२० किंवा जास्त कामगार असतील तिथे औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती असायलाच पाहिजे, मालकाचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, जास्तीत जास्त १० जण. घटना झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यायचा, त्यांनी ३० दिवसांत काम संपवायचं.

लैंगिक छळ असेल तर हे सगळं सोडा आणि अंतर्गत समितीला लेखी द्या, १० किंवा जास्त माणसं असतील तर ती समिती पाहिजेच. मुदत तीन महिने, फार तर अजून तीन वाढवून मिळतात, म्हणून थांबू नका. खूप मुलींना माहीत नसतं की चौकशी चालू असताना तुम्ही बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकता, आणि ती रजा तुमच्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. भरपाई ठरवताना मानसिक आघात आणि यातना बघायच्या असं कायद्यात चक्क लिहिलंय, आपल्या कायद्यांत मनाच्या जखमेला अशी थेट किंमत फार कमी ठिकाणी आहे, म्हणून डॉक्टरचे कागद इथे पण जोडा. जिथे १० माणसं नाहीत, किंवा तक्रार मालकावरच आहे, किंवा घरकाम करता, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, कलेक्टर ऑफिसला चौकशी करा.

ऐकलंच नाही तर

कामगार आयुक्तांचं ऑफिस मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला आहे. तास, ओटी, रजा, न दिलेला पगार, जबरदस्तीने घेतलेला राजीनामा, हे सगळं तिथे. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर थांबा. वहीतल्या तासांचा तक्ता करून जोडा, लांब गोष्ट लिहू नका. आयटीवाल्यांसाठी पुण्यातली नाइट्स ही संघटना अशा तक्रारी कामगार विभागाकडे घेऊन जाते, एकट्याने जायला भीती वाटत असेल तर आधी त्यांच्याशी बोला.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार, यांना कायद्यानेच मोफत वकील मिळतो, पगार कितीही असला तरी.

एचआरने केबिनमध्ये बोलवून "आत्ताच राजीनामा टाक, नाहीतर टर्मिनेट करतो आणि रिलीव्हिंग लेटर खराब देतो" असं म्हटलं तर तिथे सही करू नका. "मला बरं वाटत नाहीये, मी उद्या लेखी उत्तर देते" एवढं बोला आणि बाहेर या. बाहेर आल्याबरोबर काय झालं ते लगेच ईमेल करा, वेळेसकट. एकदा "स्वखुशीने" असं लिहून सही झाली की वाकडेवाडीलासुद्धा फार काही करता येत नाही.

आजार लांबला तर

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार आहे. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं. हे सगळ्यांनी काढावंच असं माझं म्हणणं नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय, पण दार आहे हे माहीत पाहिजे. सरकारी नोकरीत असताना असं अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजारामुळे घडलेल्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव आहे असं सांगितलं. खाजगीत एवढं भक्कम नाही, पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचंच आहे, २० किंवा जास्त माणसं असतील तर संपर्क अधिकारी नेमायचाय. म्हणून तो कागद शोधा म्हटलं होतं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच चर्च रोडला आहे, बाकी महाराष्ट्रातून लोक एसटीने इथे येतात, आपल्याला रिक्षाने जाता येतं.

अजून जे नाही

ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क अजून कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याचं खाजगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये परत मांडलं, पण खाजगी विधेयकं पुढे सरकत नाहीत. तोपर्यंत आपल्या वहीतला "रात्री ११.४० फोन" हाच पुरावा. डिलिव्हरी आणि कॅबवाल्या भावांना तर वर लिहिलेलं बरंचसं लागूच नाही, कंपनी त्यांना कर्मचारीच मानत नाही. त्यांनी निदान ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी, आणि १४४१६ आणि औंधची ओपीडी सगळ्यांसाठी आहे, तिथे कोणी ओळखपत्रावर कंपनी बघत नाही.

परत कामावर जाताना

रजा संपली म्हणून नुसतं उठून जाऊ नका. फिटनेसचा दाखला घ्या आणि काय बदल पाहिजे ते त्यावरच लिहून घ्या, वेगळ्या कागदावर नको, वेगळा कागद हरवतो. पहिल्या दिवशी सुपरवायझरला फोटोकॉपी द्या, मूळ स्वतःकडे, आणि फोटोकॉपीवर सही घ्या.

दिराच्या फिटनेसवर डॉक्टरांनी निळ्या पेनाने लिहिलं होतं, "आठ आठवडे रात्रपाळी देऊ नये". सुपरवायझर म्हणाला, अरे सगळेच असं लिहून आणतील. हा काही बोलला नाही, फोटोकॉपी पुढे केली आणि म्हणाला, सर, मिळाली म्हणून सही करा. त्याने केली. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीच्या लिस्टवर त्याचं नाव आलं, तेव्हा त्याने त्याच सहीचा फोटो ठेकेदाराच्या ऑफिसला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत नाव निघालं. सध्या तो सकाळची पावणेसातची कंपनीची बस पकडतो, मी गॅलरीत कपडे वाळत घालत असते तेव्हा खालून हात करतो.